पाचव्या थरातली हाडं

मी वायोमिंगला पोचले तेव्हा विमानतळावर मला न्यायला बाई स्वतः आल्या होत्या. बाई म्हणजे माझ्या पीएचडीच्या गाइड. अमेरिकेत सगळे विद्यार्थी प्राध्यापकांना नावानं हाक मारतात. तोंडानं मीही मारायला शिकले, पण मनात आणि आईशी फोनवर बोलताना त्या कायम बाईच राहिल्या. त्यांचं ‘यू’ मला ‘तू’ ऐकू यायचं आणि माझं ‘यू’ म्हणजे ‘तुम्ही’ असायचं. त्यामुळे इथंही तसंच लिहिते.

साठी ओलांडलेल्या, उंच, काटकुळ्या, उन्हानं मान कायमची तांबूस झालेल्या. माझ्या दोन्ही बॅगा त्यांनी मला हात लावू न देता पिकअप ट्रकच्या मागे टाकल्या. गाडी सुरू केल्यावर फॉइलमध्ये गुंडाळलेलं सँडविच माझ्या हातात दिलं. “तू मांस खात नाहीस ना? यात फक्त चीज आणि टोमॅटो आहे,” त्या म्हणाल्या. ते मी सहा-सात महिन्यांपूर्वी एका ई-मेलच्या शेवटी एका ओळीत लिहिलं होतं. नागपूरहून निघाल्यापासून मी रडले नव्हते, ते सँडविच खाताना रडले. बाईंनी रेडिओचा आवाज जरा वाढवला आणि माझ्याकडे बघितलं नाही. त्या दिवशी मी त्यांची झाले.

आमचं काम एका घळीवर होतं. युनिव्हर्सिटीपासून चार तासांवर, गुरं पाळणाऱ्या एका रँचच्या हद्दीत, तीन बाजूंनी उंच कडे असलेली आणि पुढे बंद होणारी घळ. हजारो वर्षांपूर्वी तिथले शिकारी बायसनचे कळप हाकत त्या घळीत आणायचे. बायसन म्हणजे आपल्या गव्याचा केसाळ, मोठ्या डोक्याचा चुलतभाऊ. जनावरं आत शिरली की पुढे वाट नाही आणि मागे माणसं. जेवढं मांस नेता येईल तेवढं न्यायचं, हाडं तिथंच टाकायची. मग पावसाच्या पाण्यानं गाळ यायचा, हाडं झाकली जायची, आणि कितीतरी वर्षांनी कुणीतरी पुन्हा तिथंच कळप आणायचं. असे हाडांचे पाच थर होते, प्रत्येक दोन थरांच्या मधे गाळ. बाईंनी तरुणपणी ती घळ खणली होती.

त्यांचं नाव झालं ते पाचव्या, सगळ्यांत खालच्या थरामुळे. बाकीचे चार थर एकमेकांपासून फार दूरचे नव्हते, पण पाचवा थर चौथ्यापेक्षा हजाराहून जास्त वर्षांनी जुना निघाला होता. म्हणजे इतक्या पिढ्या या लोकांनी त्या एका घळीची आठवण सांभाळली, बापानं मुलाला दाखवली, मुलानं त्याच्या मुलाला, असं बाईंनी मांडलं. ते लोकांना फार आवडलं. पाठ्यपुस्तकांत गेलं. रँचजवळच्या हायवेवर त्याचा बोर्ड लागला. बाईंच्या ऑफिसात दाराशेजारी त्या बोर्डाचा फोटो होता.

ती जुनी वयं जुन्या पद्धतीनं काढलेली होती. माझं काम होतं पाचही थर नव्या पद्धतीनं पुन्हा तपासणं. जिवंत प्राण्याच्या अंगात एक किरणोत्सारी कार्बन असतो. प्राणी मेला की तो ठरावीक वेगानं कमी होत जातो. किती उरलाय ते मोजलं की वय कळतं. मोजायचं मोठं यंत्र दुसऱ्या राज्यात होतं. आमच्या लॅबमध्ये मी हाडातलं कोलॅजन, म्हणजे हाडातलं मूळ प्रथिन, वेगळं काढायचे. हाडाचा तुकडा सौम्य आम्लात दिवसचे दिवस ठेवायचा, मग धुवायचा, गाळायचा, गोठवून वाळवायचा. शेवटी कुपीत कापसासारखा पांढरा पुंजका उरायचा. मला तो पुंजका बघायला फार आवडायचं.

प्रत्येक हाडाबरोबर एक फॉर्म असायचा. त्यात एक प्रश्न होता: या हाडावर गोंद, लाख, मेण किंवा आणखी काही लावलेलं आहे का? प्रश्न महत्त्वाचा होता. खणताना हाडं भुसभुशीत निघतात, म्हणून ती टिकावीत यासाठी पूर्वी लोक सर्रास काहीतरी लावायचे. तो गोंद खनिज तेलापासून केलेला असला तर त्यातला कार्बन इतका जुना असतो की मोजण्यासारखं काही उरलेलंच नसतं. तो हाडात मुरला की हाड आहे त्यापेक्षा म्हातारं दिसतं. लावलाय हे माहीत असेल तर वेगळी धुलाई करता येते. माहीत नसेल तर फसायला होतं.

मी सगळे फॉर्म घेऊन बाईंच्या ऑफिसात गेले. त्यांनी एकेक बघून सह्या केल्या. त्या प्रश्नापुढे सगळीकडे ‘नाही’.

“पाचव्या थरालापण नाही ना?” मी विचारलं. “ती हाडं जरा चकाकतात म्हणून विचारते.”

“वर्षानुवर्षं लोकांचे हात लागलेत त्यांना,” बाई म्हणाल्या. “गोंद नाही.”

मी फॉर्म फाइलला लावले आणि कामाला लागले.

पहिल्या हिवाळ्यात सुट्टीत डॉर्म बंद झालं, तेव्हा बाईंनी मला घरी राहायला नेलं. त्या एकट्याच असायच्या. तीन आठवडे मी त्यांच्या पाहुण्यांच्या खोलीत राहिले. त्यांनी कुठून तरी शिकून माझ्यासाठी मुगाची खिचडी केली. तिखट अजिबात नव्हतं, मीठही कमी होतं, तरी मी दोनदा वाढून घेतली. आईनं फोनवर विचारलं, “काय करून राहिली तिथं? जेवायला देतात ना बाई?” मी म्हटलं, “देतात. तुझ्यापेक्षा जास्त आग्रह करतात.” आईनं पुढच्या वर्षी येणाऱ्या कुणाबरोबर तरी संत्र्याची बर्फी पाठवली. बाईंनी आईला हातानं पत्र लिहिलं: तुमची मुलगी माझ्याकडे सुखरूप आहे. आईनं ते देवघराच्या फळीवर ठेवलं होतं.

हे सगळं सांगते कारण हे खोटं नव्हतं. पुढे मी पुष्कळदा स्वतःला पटवायचा प्रयत्न केला की त्यांचं प्रेम नाटक होतं. तसं असतं तर सोपं गेलं असतं.

दुसऱ्या वर्षी निकाल यायला लागले. पहिले चार थर शिस्तीत आले, एकाखाली एक. पाचव्या थराचे निकाल आले आणि मी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. काही हाडं बाईंच्या जुन्या वयाच्या जवळपास होती. काही त्यापेक्षा तरुण. आणि काही सरळ चौथ्या थराच्या वयाची. एकाच थरातली, एकाच शिकारीतली जनावरं, आणि वयं अशी विखुरलेली.

बाईंनी कागद बराच वेळ हातात धरला. मग म्हणाल्या, “पुन्हा कर.”

मी पुन्हा केलं. तीच हाडं, नवे तुकडे. पुन्हा विखुरलेलंच आलं. कोलॅजनच्या शुद्धतेची एक चाचणी असते, त्यात जुनी दिसणारी हाडं काठावर पास झाली होती. मी ते बाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

“तुझ्या हातून कुठेतरी काहीतरी मिसळतंय,” त्या म्हणाल्या. आवाज मऊ होता. “होतं असं. घाबरू नकोस. शोधून काढ.”

मग मी शोधत बसले. लॅबमधला साबण बदलला. काचेची सगळी भांडी भट्टीत भाजून घ्यायला लागले. हाताला क्रीम लावणं सोडलं. वायोमिंगच्या कोरड्या थंडीत बोटांना चिरा पडल्या. गाळण्या बदलल्या, पाणी बदललं, आम्ल नवं मागवलं. एकदा वाटलं केसांना लावते ते तेल असेल, तर तेही बंद केलं. दर वेळी पहिले चार थर नीट यायचे आणि पाचवा विखुरलेला. माझे हात फक्त पाचव्या थरालाच कसे बिघडतात, हा साधा प्रश्न मला पडायला हवा होता. पडलाही असेल. पण त्याचं उत्तर जिथं जात होतं तिथं मी बघत नव्हते. बाईंनी ‘नाही’ लिहिलं होतं.

तिसऱ्या वर्षी आम्ही एका मोठ्या कॉन्फरन्सला गेलो. बाईंचं भाषण होतं, हॉल भरलेला. भाषणानंतर एका माणसानं उठून विचारलं की पाचव्या थराची नवी वयं का दाखवली नाहीत. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. बाईंनी पाण्याचा घोट घेतला.

“पाचव्या थराच्या बाबतीत आमच्याकडे लॅबमध्ये अडचण आहे,” त्या म्हणाल्या. “विद्यार्थिनी नवीन आहे. हात अजून बसायचा आहे. ते ठीक झालं की प्रसिद्ध करू.”

दोन-चार लोक हसले, वाईट हेतूनं नाही, आपणही कधी नवीन होतो असं. माझ्या शेजारच्या मुलीनं माझ्या गळ्यातलं नावाचं कार्ड बघितलं आणि नजर वळवली. मी खाली वहीत बघत राहिले. त्याही वेळी मला बाईंचा राग आला नाही. मला माझी लाज वाटली.

परत आल्यावर रूममेटला सांगितलं. ती पुण्याची, कॉम्प्युटरवाली, आणि तिचं नेहमी एक घाव दोन तुकडे असायचं.

“नवीन?” ती म्हणाली. “यार, तू थर्ड इयरला आहेस.”

“त्यांना तसं म्हणायचं नसेल.”

“मग काय म्हणायचं होतं? तीनशे लोकांसमोर तुला क्लम्झी म्हणाली ती.”

“माझ्याच हातून होतंय ना पण.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “तुला नक्की माहितीये, तुझ्याच हातून होतंय?”

मी उठले. चहा केला.

त्या उन्हाळ्यात मला रँचवर जायचं होतं. पाचव्या थरातली काही हाडं मातीच्या ढेकळासकट प्लास्टरच्या कवचात बांधून रँचच्या कोठारात ठेवली होती, ती कधी उघडलीच नव्हती. बाईंचा गुडघा दुखत होता म्हणून मी एकटीच गेले. रँचच्या मालकीणबाई ऐंशी ओलांडलेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मी त्यांना मनात आजी म्हणायचे. त्या आणि बाई जुन्या मैत्रिणी. घळ खणली तेव्हापासूनच्या.

दोन कवचं ट्रकमध्ये चढवून झाल्यावर आजींनी मला स्वयंपाकघरात बसवलं. कॉफी दिली, रुबार्बच्या आंबट देठांचा ‘पाय’, म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, कापून दिला. मी काय करते ते विचारलं. मी सोपं करून सांगितलं, हाड धुते, गाळते, आणि माझ्या हातून काहीतरी मिसळतं त्यामुळे वयं बिघडतात.

“ती कवचातली हाडं धुवायला सोपी जातील तुला,” आजी म्हणाल्या. “त्यांना लावलेलं नाही ना.”

“काय लावलेलं नाही?”

“ते ग्लू. त्यांच्या वेळेला आमची बादली संपली होती.”

मी काटा खाली ठेवला. “कसली बादली?”

आजींना सांगायला मजा वाटत होती. खालचा थर उघडा पडला त्या आठवड्यात वादळ येणार होतं. खालच्या थरातली हाडं उन्हात आली की बिस्किटासारखी चुरा व्हायची. मग बाईंनी शहरातून पांढरे गोंदाचे मणी आणले, अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवले, आणि सगळ्यांच्या हातात एकेक रंगाचा ब्रश दिला. “मी, माझा नवरा, ती, सगळे हाडं रंगवत बसलो होतो. त्या वासानं माझं डोकं दोन दिवस दुखत होतं. दोनदा, तीनदा हात मारायला लावले तिनं. मग माल संपला, आणि उरलेली हाडं प्लास्टरमध्ये बांधली.”

“बाईंनी स्वतः लावलं?”

“तिनंच तर शिकवलं आम्हाला.” मग त्यांनी माझं तोंड बघितलं. “काय झालं, हनी?”

“काही नाही,” मी म्हटलं. “तुमचा ‘पाय’ छान झालाय, गोड.”

चार तासांच्या रस्त्यावर मी तीनदा गाडी बाजूला घेतली. पहिल्यांदा मला वाटलं आजींना नीट आठवत नसेल. दुसऱ्यांदा मी स्टीअरिंगवरचे माझे हात बघितले, बोटांच्या चिरा अजून पूर्ण भरल्या नव्हत्या. तिसऱ्यांदा का थांबले ते आठवत नाही.

केमिस्ट्री विभागाच्या तळघरात एक इन्फ्रारेडचं यंत्र होतं. हाडाचा कण ठेवला की त्यात काय काय आहे त्याचा आलेख पाच मिनिटांत निघतो. हे मी पहिल्याच वर्षी करू शकले असते. फॉर्मवरच्या एका शब्दावर आणि त्याखालच्या सहीवर विसंबून केलं नव्हतं. पाचव्या थराची हाडं एकामागून एक ठेवली. गोंदाची खूण स्वच्छ दिसत होती, जुनी दिसणाऱ्या हाडांत सगळ्यांत जास्त. कवचातल्या हाडांत अजिबात नव्हती. मग मी कवचातली हाडं धुतली, कोलॅजन काढलं, पाठवलं. दोन महिन्यांनी निकाल आले. सगळी एकमेकांच्या जवळ, आणि सगळी चौथ्या थराच्या वयाची. हजार वर्षांचं अंतर नव्हतंच. एखाद्या पिढीचंही होतं की नाही कुणास ठाऊक.

मी आलेख आणि निकाल घेऊन सकाळी बाईंच्या ऑफिसात गेले. दार लावून घेतलं. त्यांनी सगळं एकदा बघितलं, मग परत पहिल्यापासून बघितलं. मला वाटत होतं की त्या चकित होतील. मी तशी मनाची तयारीही केली होती, त्यांना धक्का बसेल तेव्हा काय बोलायचं याची.

त्या चकित झाल्या नाहीत.

“तुला हे तिनं सांगितलं,” बाई म्हणाल्या. आजींबद्दल.

“हो.”

“वादळ येणार होतं. हाडं हातात चुरा होत होती. मी लावलं. लिहायचं राहिलं.” त्या खिडकीकडे बघत होत्या. “मग वय आलं, आणि सगळ्यांना ते इतकं आवडलं. प्रत्येक वर्षी वाटायचं, आता सांगू. मग सांगायची वेळ निघून गेली.”

“मी तुम्हाला विचारलं होतं. इथंच, या खुर्चीत बसून.”

“हो.”

“दोन वर्षं मी माझे हात तपासत होते.”

“मला वाटलं होतं, नव्या पद्धतीत ते आपोआप निघून जाईल. तुझी पद्धत इतकी चांगली आहे.”

“आणि कॉन्फरन्समध्ये?”

त्यांनी टेबलावरचे कागद एकावर एक नीट लावले. “तू तरुण आहेस,” मग म्हणाल्या. “तुझ्यावरचा डाग दोन वर्षांत कुणाला आठवणार नाही. माझ्याकडे या एका घळीशिवाय काय आहे?”

हे त्या रागानं बोलल्या नाहीत. एखादी साधी गोष्ट समजावून सांगावी तसं बोलल्या. मला वाटतं, मला सगळ्यांत जास्त ते लागलं. त्यांनी हिशेब आधीच केलेला होता आणि मी त्यात स्वस्तात बसत होते.

मी म्हटलं, हे प्रसिद्ध करावं लागेल.

“अर्थात,” बाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. “मला थोडा वेळ दे. एक आठवडा. दोघींच्या नावानं लिहू. तुझं नाव पहिलं. पण आधी मला विभागातल्या लोकांना स्वतः सांगू दे. तेवढं मला करू दे.”

मी दिला. एवढं सगळं कळल्यावरही दिला. रूममेट तेव्हा नोकरीला दूर पूर्वेकडे अ‍ॅशबर्नला गेली होती. फोनवर ती म्हणाली, “आठवडा कशाला? आजच मेल टाक सगळ्यांना.” मी म्हटलं, त्यांनी मला घरी ठेवून घेतलं होतं, त्यांना स्वतःच्या तोंडानं सांगायची संधी तरी द्यायला हवी. ती म्हणाली, “तू वेडी आहेस,” आणि मग म्हणाली, “जेवलीस का?”

आठवड्याचे तीन झाले. बाई म्हणायच्या, लिहिते आहे. त्यांनी माझ्याकडून सगळे आकडे, आलेख, कवचांचे फोटो मागितले, मी पाठवले. मग सहा आठवडे झाले. एका सकाळी विभागातल्या एका प्राध्यापकानं मला कॉरिडॉरमध्ये थांबवलं. “काय धाडस आहे तुझ्या गाइडचं,” तो म्हणाला. “या वयात स्वतःचं आयुष्यभराचं काम स्वतःच खोडायचं. असा माणूस मी बघितला नाही.”

मी लॅबमध्ये जाऊन कॉम्प्युटर उघडला. लेख आला होता. लेखक एकच, बाई. त्यांनी लिहिलं होतं की जुन्या निष्कर्षांबद्दल त्यांना स्वतःला शंका आल्यामुळे त्यांनी संग्रह पुन्हा तपासायला घेतला. त्या काळातल्या पद्धतीप्रमाणे हाडांवर गोंद लावला गेला असल्याचं आढळलं. कवचातल्या हाडांवरून खरं वय निश्चित केलं. माझे आलेख होते. माझे फोटो होते, एकात कवच धरलेला माझा अंगठा दिसत होता. शेवटी आभारात सात-आठ नावं होती, प्रयोगशाळेतील साहाय्याबद्दल. त्यात माझंही होतं, आडनावातलं एक अक्षर चुकीचं.

चार वर्षं त्या माझं आडनाव बरोबर लिहीत आल्या होत्या. आईला लिहिलेल्या पाकिटावरही.

मी त्यांच्याकडे गेले. मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही, आवाज चढला होता एवढं आठवतं. त्या बसूनच राहिल्या.

“ही माझी चूक होती,” त्या म्हणाल्या. “ती मी एकटीनं कबूल करणं मला योग्य वाटलं. तुला त्यात ओढलं असतं तर लोक म्हणाले असते, विद्यार्थिनीनं गाइडला पकडलं. पुढे कुणी तुला नोकरी दिली असती?”

“शंका तुम्हाला आली नव्हती. मला आली होती.”

“तुलाही नव्हती आली,” बाई म्हणाल्या. “तुला एका म्हातारीनं सांगितलं.”

त्यात खरं होतं तेवढं मला टोचलं, आणि ते टोचेल हे त्यांना माहीत होतं. मी उठून बाहेर आले.

तक्रार करायचे मार्ग होते. मी दोन फॉर्म अर्धे भरले. माझ्याकडे काय होतं? आजींचं बोलणं, माझ्या तारखा टाकलेल्या वह्या, आणि बाईंनी ‘नाही’ लिहून सही केलेले फॉर्म. ते पुरलं असतं कदाचित. पण माझा व्हिसा त्या युनिव्हर्सिटीशी बांधलेला होता, डिग्री व्हायला दीड वर्ष होतं, आणि सगळीकडे बाईंच्या प्रामाणिकपणाचं कौतुक चाललं होतं. विभागप्रमुखांकडे जाऊन मी फक्त गाइड बदलून मागितला. त्यांनी कारण विचारलं नाही. त्यांनी विचारलं नाही यावरून मला कळलं की त्यांना थोडंफार माहीत असावं. पहिल्या चार थरांवर मी प्रबंध पुरा केला. मौखिक परीक्षेला बाई मागच्या रांगेत येऊन बसल्या आणि शेवटी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

आईला मी फार काही सांगितलं नाही. एकदा तिनं विचारलं, “बाईंचं पत्र नाही आलं बऱ्याच दिवसांत.” मी म्हटलं, त्या रिटायर झाल्या. तिनं ते जुनं पत्र फळीवरून काढलं का, ते मी कधी विचारलं नाही.

आता मी पूर्वेकडे वेस्ट विंडसरला राहते, औषधं तपासण्याच्या एका लॅबमध्ये काम करते. चांगलं चाललंय. लोकांशी मी नीट वागते, डब्यातली भाजी वाटून खाते, पण कुणी आपणहून माझं काही लक्षात ठेवलं की मला लगेच सावध व्हायला होतं. तो स्वभाव माझा नव्हता. तो बाईंनी मला दिलेला आहे.

वायोमिंग सोडण्याआधी मी एकदा रँचवर जाऊन आले. आजींना निरोप द्यायचा होता, आणि त्यांच्या जमिनीबद्दलचं खरं त्यांना सांगायचं होतं. त्या व्हरांड्यात बसल्या होत्या, पायाशी कुत्रा.

मी सांगितलं की पाचवा थर जुना नाही, चौथ्याच्याच काळातला आहे.

“म्हणजे तीच माणसं?” त्यांनी विचारलं.

“तीच असतील. किंवा त्यांची मुलं.”

“मग त्यात वाईट काय आहे? एका वाईट हिवाळ्यात दोनदा आली असतील बिचारी.” त्यांनी कुत्र्याचा कान चोळला. मग म्हणाल्या, “ती आता फोन करत नाही.”

मला कळलं कोण ते.

“दर रविवारी करायची. माझा नवरा गेला तेव्हा महिनाभर इथं राहिली होती ती. आता मी केला तर घाईत असते.” त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, कुंपणापलीकडे बघत होत्या. “मी त्या बादलीचं सांगायला नको होतं का?”

“तुम्ही खरं तेच सांगितलंत,” मी म्हटलं.

“ते तर आहेच गं,” आजी म्हणाल्या.

मला त्यांना सांगायचं होतं की तुमचा काही दोष नाही, फोन न करणाऱ्या बाईंचा आहे. पण त्यांची पस्तीस वर्षांची मैत्रीण होती ती, माझी चार वर्षांची. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. त्यांनी आत जाऊन दोन कप कॉफी आणली, आणि ती संपेपर्यंत आम्ही दोघी बाईंबद्दल एक अक्षरही बोललो नाही.